अ‍ॅडेनोमायोसिससाठी आयुर्वेद: पुण्यातील एका चिकित्सालयाचा अनुभव

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी त्याच्याच स्नायूंच्या भिंतीत वाढू लागल्या की त्या विकाराला अ‍ॅडेनोमायोसिस म्हणतात. त्यात गर्भाशय जड होते, पाळीत अंगावरून फार जाते आणि कंबर व ओटीपोट ठणकत राहते. स्त्रीरोगतज्ज्ञांनी मला हार्मोनची तांबी बसवणे किंवा पिशवी काढणे असे पर्याय सांगितले होते. रजोनिवृत्तीनंतर हा त्रास बहुधा शमतो आणि माझी ती वेळ फार लांब नाही, म्हणून तोवरचा काळ सुसह्य व्हावा एवढ्याच अपेक्षेने मी या चिकित्सालयात गेले.

पहिली तपासणी ही येथील सर्वांत जमेची बाजू. वैद्यबाईंनी नाडी पाहण्याआधी सोनोग्राफीचे अहवाल मागितले, हिमोग्लोबिन तपासायला लावले, आणि चाळिशीनंतर एवढा रक्तस्राव होत असताना अस्तराची बायोप्सी झालेली असलीच पाहिजे, असे सांगून तिचा अहवाल पाहिल्यावरच औषध लिहिले. ‘शस्त्रक्रियेविना कायमचे बरे’ असे फलक शहरभर दिसत असताना हा सावधपणा मला फार मोलाचा वाटला.

पोटात घेण्यासाठी जेवणानंतर समभाग पाण्यातून अशोकारिष्ट, तांदळाच्या धुवणाबरोबर पुष्यानुग चूर्ण आणि रक्तवाढीसाठी धात्री लोह अशी योजना होती. पाळी संपल्यावर मात्राबस्ती, म्हणजे गुदमार्गाने थोड्या प्रमाणात औषधी तेल देण्याचा उपचार, होत असे. परिचारिका हे काम रुग्णाचा संकोच जपून आणि अत्यंत स्वच्छतेने करतात. बस्तीनंतर जुनी बद्धकोष्ठता गेली आणि पाळीतील कळा निश्चित सौम्य झाल्या. रक्तस्राव मात्र थोडाच कमी झाला, त्यामुळे जास्त जाण्याच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या, म्हणजे रक्तस्राव कमी करणाऱ्या अ‍ॅलोपॅथीच्या, गोळ्या चालू ठेवाव्या लागल्या, ज्याला वैद्यबाईंनी कधीही हरकत घेतली नाही. हिमोग्लोबिन वाढले, पण सोनोग्राफीत गर्भाशयाचा आकार होता तेवढाच आहे.

औषधालयाबाबत मात्र मी समाधानी नाही. चूर्णाच्या पुड्यांवर घटकांची नावे नसतात आणि ती विचारली की काउंटरवरील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. अशोकारिष्ट ज्या सीता अशोकाच्या सालीपासून बनते तिच्यात खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ होते हे सर्वज्ञात आहे. तरी साल कोठून येते, याचे उत्तर तेथे कोणालाच देता आले नाही. अरिष्टात गूळ आणि आंबवण्यातून आपोआप तयार झालेले मद्य असते, ही गोष्टही मधुमेही रुग्णांना स्वागतकक्षातच सांगितली जायला हवी. तिथला वेळ त्याऐवजी पंचकर्माचे संपूर्ण पॅकेज गळ्यात मारण्यात जातो, जे वैद्यबाईंनी स्वतः लिहून दिलेले नसेल तर सरळ नाकारावे.

बस्तीसाठी सकाळची वेळ मागून घ्यावी. संध्याकाळी खाटा अपुऱ्या पडतात आणि बस्तीनंतर निवांत पडून राहता येत नाही.