एकही विशेषनाम नसलेली जाहिरात

2024 च्या सप्टेंबरमधील शेवटच्या आठवड्यात प्राग शहरात आम्हा चौघांची जी फसवणूक झाली, तिची रक्कम पोलिसांत जाण्याएवढी मोठी नव्हती आणि विसरून जाण्याएवढी लहानही नव्हती. मी एकतीस वर्षे राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली, त्यांतील सहा वर्षे परकीय चलन विभागात काढली, आणि असे असूनही चलन बदलतानाच मी फसलो, हे सांगताना आजही संकोच वाटतो. तो बाजूला ठेवून लिहितो आहे, कारण आम्ही जिला भुललो तसल्या 'सिटी ईव्हनिंग'च्या जाहिराती हल्ली युरोपला निघालेल्या प्रत्येकाच्या फोनवर येऊन पडतात, आणि त्यांतील खोट नेमकी कोठे असते हे आम्हाला पैसे गेल्यावरच कळले.

मी, माझी पत्नी, मेहुणी आणि साडू असे चौघे माझ्या मुलाकडे जर्मनीतील ड्रेस्डेनला गेलो होतो. तेथून प्राग रेल्वेने अडीच तासांच्या आत येते. मुलाला रजा नव्हती, म्हणून तीन दिवसांसाठी आम्हीच निघालो. निघण्यापूर्वी मी एका संध्याकाळचे आरक्षण केले. जाहिरातीत लिहिले होते की शहराच्या सर्वांत उंच स्थळांपैकी एकावरून सूर्यास्त आणि स्कायलाइन दाखवली जाईल, त्यानंतर तीन स्थानिक ब्रुअरींमध्ये सहा प्रकारच्या बिअरची चव घेता येईल, बिअर न घेणाऱ्यांसाठी मद्यविरहित पेयांची तितकीच सोय असेल, आणि साडेतीन तास स्थानिक मार्गदर्शक सोबत राहील. माणशी 69 युरो. त्यांपैकी 20 कार्डाने आगाऊ आणि उरलेले 49 भेटीच्या ठिकाणी, तेथील चलनात म्हणजे चेक कोरुनामध्ये, रोख. ब्रुअरीवाले रोखच घेतात, असे कारण दिलेले होते.

माझी पत्नी शाळेत मराठी शिकवत असे. तिने तो मजकूर वाचला आणि म्हणाली, "अहो, यात एकही विशेषनाम नाही. उंच स्थळ म्हणजे कुठलं? ब्रुअरी म्हणजे कुठली? सगळी सामान्यनामंच आहेत." मी हसलो. व्याकरण शिकवणाऱ्याला सगळीकडे व्याकरणच दिसते, असे काहीसे बोललोही. ते वाक्य मला नंतर बरेच महागात पडले.

ठरल्याप्रमाणे सायंकाळी साडेपाच वाजता जुन्या शहरातील चौकात, प्रसिद्ध खगोलीय घड्याळाखाली, मार्गदर्शक भेटला. तिशीतला, हसतमुख, उत्तम इंग्रजी बोलणारा. त्याने चौघांची नावे एकदाच ऐकून नीट उच्चारली, मेहुणीची पिशवी स्वतः घेतली, आणि उरलेल्या पैशांविषयी अगदी ओशाळल्यासारखा बोलला. आमच्याकडे कोरुना नव्हते, युरो होते. "हरकत नाही, इथे जवळच चांगले ठिकाण आहे, कमिशन शून्य," असे म्हणून तो आम्हाला एका चलन-बदल काउंटरवर घेऊन गेला. सूर्यास्ताला उशीर होईल, ही घाई त्याने तेथेही चालू ठेवली. मी काचेखालून 300 युरो सरकवले, आतील बाईने नोटा मोजून दिल्या, एका पावतीवर सही घेतली, आणि मी ती पावती न वाचता पाकिटात घातली. 196 युरोंचे 4900 कोरुना होतात, असा हिशेब मार्गदर्शकाने तोंडी सांगितला. तो बरोबरच होता, कारण त्या दिवसांत एका युरोला जवळपास 25 कोरुना मिळत होते. मी त्याला 4900 मोजून दिले. माझ्या हातात 500 कोरुना उरले. तीनशे युरोंतून एकशे शहाण्णव गेल्यावर हातात किती उरायला हवे, हे वजाबाकी शिकलेल्या मुलालाही कळले असते. मी मात्र पुढे निघालेल्या मंडळींच्या मागे चालू लागलो.

पारिझ्स्का रस्त्याने आम्ही नदीकडे गेलो, चेख पूल ओलांडला आणि समोरच्या पायऱ्या चढून लेटना टेकडीवर पोहोचलो. तेथे लाल काट्याचा एक प्रचंड मेट्रोनोम आहे. त्याच जागी 1955 मध्ये स्टालिनचा महाकाय पुतळा उभारला गेला आणि 1962 मध्ये तो सुरुंग लावून उडवण्यात आला, ही हकिगत मार्गदर्शकाने सांगितली. त्या संध्याकाळी त्याच्या तोंडून निघालेल्या विधानांपैकी जी पुढे खरी ठरली, त्यांत हिचा क्रमांक वरचा आहे. दृश्य सुंदर होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. खाली व्हल्टावा, तिच्यावर एकामागे एक पूल, पलीकडे लाल कौलांची छपरे आणि त्यांतून वर आलेली टिन नावाच्या चर्चची दोन काळी टोके. परंतु लेटना हे सार्वजनिक उद्यान आहे. तेथे तिकीट नाही, फाटक नाही. आमच्या शेजारी शाळकरी मुले कठड्यावर बसून चिप्स खात होती आणि तेच दृश्य फुकट पाहत होती.

जाहिरातीतले उंच स्थळ म्हणजे एखादा मनोरा असेल असे मी धरून चाललो होतो. त्याविषयी विचारले, तेव्हा आज वाऱ्यामुळे मनोरा बंद आहे, असे उत्तर मिळाले. झाडाचे पान हलत नव्हते. कोणता मनोरा, असे पत्नीने विचारले. त्यावर तो हसला आणि "वरचा" म्हणाला. प्रागमध्ये चढून जाण्याजोगे मनोरे मोजकेच आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे. झिझ्कोव्हचा दूरचित्रवाणी मनोरा 216 मीटर उंच असून त्याची प्रेक्षक-गच्ची 93 मीटरवर आहे. पेत्रझिन टेकडीवरचा लोखंडी मनोरा 1891 च्या प्रदर्शनासाठी बांधलेला असून त्याला 299 पायऱ्या आहेत. यांपैकी एकाचेही नाव त्याने घेतले नाही, कारण नाव घेतले असते तर तो मनोरा खरोखर बंद आहे का, हे आम्हाला फोनवर तेथेच पाहता आले असते. सूर्य अजून दोन बोटे वर होता, तेवढ्यात पुढच्या ठिकाणी टेबल राखून ठेवले आहे असे सांगून त्याने आम्हाला खाली उतरवले. सूर्यास्त आम्ही एका गल्लीत, दोन इमारतींच्या मध्ये, पाहिला असे म्हणता येईल.

पुढचे ठिकाण म्हणजे एक तळघर होते. बिअर गाळण्याची तांब्याची भांडी, टाक्या, माल्टचा म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा वास, यांपैकी काहीही तेथे नव्हते. तीन ब्रुअरींना पायपीट करण्यापेक्षा तिघींची बिअर एकाच छताखाली मिळते, ही आमच्या वयाचा विचार करून केलेली खास सोय आहे, असे त्याने सांगितले, आणि खरे सांगायचे तर दमलेल्या मेहुणीला ते पटलेही. लाकडी फळीवर सहा छोटे पेले आले. त्याने एकेकावर बोट ठेवून वर्णन केले: ही मठातली, ही डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्याची, ही जुन्या घराण्याच्या कृतीची. पत्नीपुढे साध्या पाण्याचा पेला ठेवण्यात आला आणि मद्यविरहित पेयाची सोय ती हीच, असे समजले.

येथे आमच्या साडूंविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ते सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्यात मुख्य रसायनतज्ज्ञ होते, आणि उसाच्या रसाचा 'ब्रिक्स', म्हणजे रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, घटकांचे प्रमाण मोजण्यात त्यांचा जन्म गेला. ब्रिक्सच्या आधीची मोजपट्टी एकोणिसाव्या शतकात कार्ल बालिंग या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्रागमध्येच तयार केली होती, आणि चेक लोक आपली बिअर आजही त्याच परंपरेतल्या अंशांनी ओळखतात. दहा अंशी, बारा अंशी असे म्हणतात ते मद्यार्काचे प्रमाण नव्हे. आंबवण्यापूर्वी माल्टच्या अर्कात विद्राव्य पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किती होते याचे ते माप. दहा अंशी बिअरमध्ये मद्यार्क साधारण चार टक्के असतो आणि बारा अंशीत पाच. साडूंना या प्रवासात प्रागविषयी जे कुतूहल होते ते एवढेच होते. त्यांनी पहिला पेला उचलला आणि विचारले, "ही किती अंशांची?" मार्गदर्शक म्हणाला, "पाच टक्के." साडूंनी दुसरा उचलला. "आणि ही?" "साडेपाच टक्के." आमच्याकडे वळून ते शांतपणे मराठीत म्हणाले, "याला बिअरमधलं काही कळत नाही, राव. ऊसवाल्याला रिकव्हरी विचारावी आणि त्यानं ट्रॉलीचं भाडं सांगावं, तसं झालं हे."

त्यानंतर ते हात धुण्याच्या निमित्ताने उठले आणि परत येताना काउंटरजवळ थांबले. शेजारच्या टेबलासाठी तशीच फळी भरली जात होती. सहांपैकी पाच पेले एकाच नळाखाली, एकापाठोपाठ एक, भरले गेले. सहावा, काळ्या बिअरचा, बाटलीतून. फिकट सोनेरी लागर बिअर 1842 साली प्लझेन येथे पहिल्यांदा तयार झाली आणि पुढे जगभर तिचेच अनुकरण झाले, त्यामुळे पाच वेगळ्या बिअर एकाच रंगाच्या दिसल्या म्हणून कोणाला शंका येत नाही. चार घोटांच्या पेल्यात, गप्पांच्या ओघात आणि प्रत्येक पेल्यामागे एक गोष्ट सांगितली जात असताना, आपण पाचदा तेच पीत आहोत हे आम्हाला तरी जिभेवरून कळले नाही.

साडेसातच्या सुमारास दुसरा गट वाट पाहत असल्याचे सांगून मार्गदर्शक निघून गेला. साडेतीन तासांपैकी दोन झाले होते. मला रोजचा खर्च डायरीत लिहिण्याची सवय आहे, म्हणून मी पाकिटातून पावती काढली आणि तेव्हा प्रथमच ती वाचली. 300 युरो, दर 18, मिळाले 5400 कोरुना. मिळायला हवे होते 7500 च्या आसपास. कमिशन शून्य हे अक्षरशः खरे होते. कापले होते ते सारे दरात. 2100 कोरुना, म्हणजे साडेसात हजारांहून अधिक रुपये, एका सहीत गेले होते. नोकरीत असताना 'आधी दर, मग सही' हे मी किती ग्राहकांना सांगितले असेल, याची गणती नाही.

मी मुलाला फोन केला. त्याने दोषही दिला नाही आणि समजूतही घातली नाही. "बाबा, पावतीवर वेळ किती आहे?" एवढेच विचारले. वेळ 5.42 होती आणि घड्याळात 7.50 झाले होते. चेक प्रजासत्ताकात एप्रिल 2019 पासून असा कायदा आहे की 1000 युरोंपर्यंतचा चलन-बदलाचा व्यवहार ग्राहकाला तीन तासांच्या आत, कोणतेही कारण न देता, रद्द करता येतो. त्यासाठी मिळालेले चलन परत द्यावे लागते. आमचे 4900 तर मार्गदर्शकाच्या खिशात होते.

बिल मागवले, तर त्यात आम्ही न मागवलेल्या पावाच्या टोपलीचे, टेबलावर आधीपासून टांगलेल्या प्रेट्झेलपैकी मेहुणीने खाल्लेल्या दोनांचे, पत्नीच्या पाण्याचे आणि सेवेचे मिळून 640 कोरुना लावलेले होते. वाद घालायला वेळ नव्हता. साडूंनी कार्ड पुढे केले, यंत्रावर रुपये आणि कोरुना असे दोन पर्याय आले, आणि त्यांनी वाचण्याच्या आत वेटरनेच रुपयांचे बटण दाबले. म्हणजे रूपांतराचा दर आमच्या बँकेचा न लागता त्या यंत्रामागच्या कंपनीचा लागला. परदेशात यंत्राने रुपयांत पैसे देऊ केले की तो पर्याय नाकारावा, हे मला ठाऊक होते. यंत्र मात्र माझ्या हातात नव्हते.

बाहेर पडून एका बँकेच्या इमारतीला लागून असलेल्या एटीएममधून मी 5000 कोरुना काढले (येथेही रुपयांचा प्रस्ताव आला, तो नाकारला) आणि आम्ही चौघे, गुडघेदुखीसकट, काउंटरवर पोहोचलो तेव्हा 8.25 झाले होते. आतील बाई तीच होती. मी पावती आणि 5400 कोरुना ठेवून व्यवहार रद्द करायचा आहे असे म्हणालो. तिने मान हलवली आणि इंग्रजीत "शक्य नाही" म्हणाली. मी नियम आहे, कायदा आहे, ग्राहकाचा हक्क आहे असे सांगत राहिलो, ती काचेपलीकडे मान हलवत राहिली. तेवढ्यात पत्नी पुढे झाली, पावतीवरील वेळेवर बोट ठेवले आणि फक्त तीन शब्द मोठ्याने उच्चारले: "चेक नॅशनल बँक." चलन-बदल केंद्रांवर देखरेख त्याच बँकेची असते. बाईने आमच्याकडे एकदा पाहिले, खण उघडला आणि सहा पन्नासाच्या नोटा सरकवल्या. 8.36 झाले होते.

"भाऊजी, ताईचं विशेषनाम लागू पडलं बघा," मेहुणी म्हणाली.

उरलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत. जाहिरात दुसऱ्या दिवशी दिसेनाशी झाली होती, आणि कार्डाच्या विवरणात आगाऊ रकमेपुढे भलत्याच कंपनीचे नाव होते. पुण्यात परतल्यावर मी माझ्याच जुन्या बँकेत त्या 80 युरोंसाठी रीतसर तक्रार नोंदवली. तेथील तरुण अधिकाऱ्याने आरक्षणाचा मेल मागितला, वाचला आणि अतिशय आदराने विचारले, "सर, यात लिहिलेलं नेमकं काय मिळालं नाही?" मेलमध्ये जाहिरातीपेक्षाही कमी शब्द होते: स्कायलाइन, स्थानिक बिअर, मार्गदर्शक. स्कायलाइन दिसली होती, बिअर प्यायलो होतो, ती प्रागमध्येच प्यायलो होतो, आणि मार्गदर्शक तर फारच प्रेमळ होता. जाहिरातीच्या पानाचे छायाचित्र मी काढून ठेवले नव्हते. तक्रार महिनाभरात निकाली निघाली, आमच्या विरुद्ध. वास्तविक त्या पानावर एखाद्या मनोऱ्याचे वा ब्रुअरीचे नाव असते आणि ते पान माझ्याजवळ असते, तर तोच अधिकारी माझ्या बाजूने लिहू शकला असता.

फसवणुकीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कोणालाही सोबत न घेता निघालो. पेत्रझिनच्या मनोऱ्याचे तिकीट खिडकीवर काढले. मनोरा उघडा होता आणि वारा आदल्या दिवसापेक्षा चांगलाच जोराचा होता. साडू आणि मी 299 पायऱ्या मोजत चढलो, दोघी बहिणी लिफ्टने आल्या. दुपारी टेकडी उतरून, लेगी पूल ओलांडून, 1499 पासूनचा इतिहास सांगणाऱ्या 'उ फ्लेकू'मध्ये गेलो. ही ब्रुअरी आपली काळी बिअर त्याच आवारात गाळते. पत्नीने लिंबूपाणी मागवले आणि ते आले. वेटरने काळ्या बिअरचे पेले ठेवले, तेव्हा साडूंनी त्याला थांबवून विचारले, "ही किती अंशांची?"

"तेरा," तो जाता जाता म्हणाला.