सिग्नावियो: सगळ्या साइट्सवर एकच प्रोसेस आणायची असेल तर बघाच
कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या साइट्सवर (ऑफिसं, कारखाने) इन्व्हॉइस पास करायची पद्धत प्रत्येकाची वेगळी असते, ती एका जागी मांडायला सिग्नावियो (२०२१ पासून सॅप या सॉफ्टवेअर कंपनीकडे आहे) खरंच मस्त टूल आहे, बीपीएमएन २.० (प्रोसेसचे डायग्राम काढायचं स्टँडर्ड) च्या खुणा असल्यामुळे कुठल्याही साइटवरच्या माणसाला डायग्राम सारखाच कळतो. सगळ्यात भारी म्हणजे प्रोसेस मायनिंग, इव्हेंट लॉगवरून (सिस्टीममध्ये होणाऱ्या प्रत्येक पायरीच्या नोंदींवरून) काम प्रत्यक्षात कसं चालतं तेच समोर येतं, मग उगाच वाद घालत बसावं लागत नाही. फक्त टॅक्सचे नियम देशागणिक वेगळे, तिथे लोकल व्हेरिएंट ठेवाच, नाहीतर लोक गुपचूप आपापल्या एक्सेलवर परत जातात. आणि प्रोसेसचा ओनर आधी ठरवा, नाहीतर बदल मंजूर कोण करणार इथेच गाडी अडकते.