दाराच्या रबराला ‘सिलिकॉन’ म्हणून काय फासतात, ते आधी बघा

पावसाळ्याच्या तोंडावर गाडी सर्व्हिसिंगला टाकली की जॉब कार्डावर हल्ली एक ओळ हमखास वाढते: ‘रबर सील ट्रीटमेंट’. माझ्या कार्डावर ती १,४५० रुपयांची होती. “चारही दारं, डिकी, काचांच्या पट्ट्या, सगळीकडे इंपोर्टेड सिलिकॉन मारतो मॅडम, पाच वर्षं रबर तडकणार नाही.”

गाडी परत आली तेव्हा रबरं काळीभोर चमकत होती, पण दार उघडलं की रॉकेलचा भपकारा. चांगल्या सिलिकॉन ग्रीसला असा वास येत नाही. पुढे ड्रायव्हरच्या बाजूचं रबर मऊ, चिकट होत गेलं, लांबलं आणि खालच्या कोपऱ्यात खाचेतून सुटून लोंबायला लागलं. पहिल्याच दणदणीत सरीत पायाखालचं मॅट भिजलं.

दारांचं रबर बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं. ऊन, पाणी, ओझोन ते छान सोसतं. पण डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस, अगदी व्हॅसलिनसुद्धा, म्हणजे पेट्रोलियमचं काहीही लागलं की ते तेल पिऊन फुगतं. वर्कशॉपमध्ये मला ऐकवलं, “मॅडम, इंजिनाची सील तर तेलातच असतात, त्यांना काही होत नाही.” बरोबर, कारण ती नायट्राइलसारख्या वेगळ्या रबराची असतात. (त्याआधी “मिस्टरांना फोन देता का?” हेही विचारून झालं होतं.)

बाटली दाखवा म्हटल्यावर आली ती लेबल नसलेली ट्रिगरची बाटली. पोऱ्या ती मागच्या पाच लिटरच्या कॅनमधून भरत होता. त्यातलं थोडं मागून घेतलं. स्पेअर पार्टवाल्याकडून दाराच्या जुन्या रबराचा तुकडा आणला, त्याचे सारख्या मापाचे दोन भाग केले. एक त्यांच्या ‘सिलिकॉन’मध्ये, दुसरा खऱ्या सिलिकॉन ऑइलमध्ये बुडवून ठेवला. काही दिवसांनी काढले तर पहिला फुगून पट्टीवर सरळ सरळ लांब भरला आणि नखाने दाबलं की वळ उठायला लागला. दुसरा होता तसाच. दोन्ही मॅनेजरच्या टेबलावर ठेवले. तो म्हणाला, “तुमची गाडी उन्हात उभी असते ना?” बऱ्याच वादावादीनंतर ट्रीटमेंटचे पैसे परत मिळाले. नवी रबरं मात्र माझ्याच खर्चाने बसली.

हे काम घरी करता येतं. ओल्या फडक्याने रबर पुसायचं, वाळू द्यायचं आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा. स्प्रे असेल तर तो फडक्यावर मारायचा. काचेवर उडाला तर वायपर फरफटतो, पत्र्यावर बसला तर पुढे रंगकाम करताना रंग फाटतो. डब्यावर ‘सिलिकॉन’ ठळक असलं तरी बारीक अक्षरांत ‘पेट्रोलियम डिस्टिलेट’ आहे का, ते वाचा. बंद डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि एमआरपी असायलाच हवी.

बाहेर करून घेणार असाल तर डबा समोर उघडायला सांगा. नको असेल तर सही करण्याआधी ती ओळ कार्डावरून खोडून घ्या. आधीच फसला असाल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रारीला बिल लागतं, त्यामुळे “कच्च्या पावतीवर करू, जीएसटी वाचेल” म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवूच नका.