स्क्लेरोडर्मा असताना स्तनाचा कर्करोग: गाठ काढून रेडिएशन, की पूर्ण स्तन काढणं?

सुरुवातीच्या टप्प्यात एरवी निवड सोपी असते. गाठ काढून रेडिएशन घेतलं, साधारण ४० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) १५ भागांत, तर जगण्याची शक्यता स्तन काढण्याइतकीच राहते आणि स्तनही वाचतो. स्क्लेरोडर्मात, म्हणजे कातडी आणि कधी आतले अवयवही कडक होत जाणाऱ्या आजारात, मात्र हिशेब बदलतो. टीजीएफ-बीटा या शरीरातल्या संदेशवाहक प्रथिनाच्या प्रभावाखाली पेशी आधीच जादा कोलाजेन (कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन) बनवत असतात आणि रेडिएशन त्याच प्रक्रियेला जोर देतं. लाली, सालपटं कुणालाही होतात, बरीही होतात. खरी भीती महिन्यांनी-वर्षांनी येणाऱ्या फायब्रोसिसची, म्हणजे ऊती कडक होण्याची: लाकडासारखी कडक कातडी, आखडलेला खांदा, आणि खाली फुफ्फुस, जे या आजारात अनेकदा आधीच दुखावलेलं असतं. प्रत्येकीला हे होत नाही, पण कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही.

स्तन काढल्यास रेडिएशन बहुधा टळतं. जखम मात्र हळू भरू शकते, मनाला बसणारा धक्काही मोठा. शिवाय काखेतल्या लसिका ग्रंथींत कर्करोग पोचला असेल तर रेडिएशन तरीही लागू शकतं.

स्क्लेरोडर्मा सक्रिय असेल तर माझा कल स्तन काढण्याकडे आहे. ऱ्हुमॅटॉइड संधिवात असलेल्यांनी इतकं घाबरायचं कारण नाही. निर्णयाआधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (अशा आजारांचे तज्ज्ञ) आणि रेडिएशनचे डॉक्टर यांना एकमेकांशी बोलायला लावाच.