सिकलसेलचं लाल कार्ड: गोळी, रक्त, बोनमॅरो की जीन थेरपी?

मुलाचा सिकलसेलचा रिपोर्ट एसएस आला, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही दोष आला, लाल कार्ड हातात पडलं, की घरात सगळे एकदम बोलायला लागतात. कुणी म्हणतं रक्त चढवत राहा, कुणी म्हणतं ती गोळी कॅन्सरची आहे, देऊ नका. कुणीतरी मोबाइलवर बातमी दाखवतं की अमेरिकेत सिकलसेल कायमचा बरा करणारी जीन थेरपी निघाली आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या पट्ट्यात हा प्रसंग घरोघरी येतो, आणि ठरवायचं असतं ते आईबापांनाच. हा आढावा त्यांच्यासाठी लिहिते आहे. पिवळं कार्ड असलेल्या वाहकांना, म्हणजे दोष एकाच बाजूने आलेल्या एएसवाल्यांना, यातला कोणताही उपचार लागत नाही. त्यांनी लग्न ठरवताना जोडीदाराची तपासणी करून घ्यावी.

माझं मत आधीच सांगते. सुरुवात हायड्रॉक्सियुरिया या गोळीने करा. सोबत दरवर्षी डोक्याचा डॉप्लर करा आणि सख्ख्या भावंडाचा बोनमॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा गर, जुळतो का हे सांगणारी एचएलए तपासणी लवकर उरका. जीन थेरपीची वाट बघत यातलं काहीही लांबवू नका. असं का म्हणते, ते एकेक उपचार शेजारी ठेवून पाहू.

हायड्रॉक्सियुरिया: जुनी गोळी, सगळ्यात भक्कम पुरावा

सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातपाय, पाठ, छाती ठणकायला लागते ती यामुळे. अशा दुखण्याच्या झटक्याला क्रायसिस म्हणतात. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, या चिकटण्यात अडथळा आणतं. जन्मानंतर ते कमी होत जातं. हायड्रॉक्सियुरिया ते पुन्हा वाढवते.

१९९५ साली अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांना वर्षाला मध्यमानाने ४.५ क्रायसिस येत होते, हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्यांना २.५. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. २०११ मध्ये नऊ ते अठरा महिन्यांच्या १९३ बाळांवरच्या चाचणीत दुखण्याचे प्रसंग खोट्या औषधाच्या गटात ३७५ भरले, हायड्रॉक्सियुरियाच्या गटात १७७. यानंतर २०१४ मध्ये अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांनी नऊ महिन्यांपुढच्या प्रत्येक एसएस बाळाला, त्रास असो वा नसो, हे औषध देऊ करावं असं सांगितलं.

आपल्याला जास्त जवळचा अभ्यास मात्र आफ्रिकेतला आहे. अँगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांत एक ते दहा वर्षांच्या सहाशेहून अधिक मुलांना हे औषध दिलं. निकाल २०१९ मध्ये आले. शंभर मुलांमागे वर्षाला दुखण्याचे ९८ प्रसंग होते, ते ४५ च्या आसपास आले. रक्त चढवण्याची वेळ ४३ वरून १४ वर आली आणि मृत्यू ३.६ वरून १.१ वर. भीती अशी होती की या औषधाने पांढऱ्या पेशी घटल्या तर मलेरिया बळावेल. झालं उलटं, मलेरियाही निम्म्यावर आला. ज्या भागात मलेरिया आहे, कुपोषण आहे, तज्ज्ञ लांब आहेत, तिथे ही गोळी चालते का, हा गडचिरोलीचाही प्रश्न आहे. म्हणून हा अभ्यास मला परत परत सांगावासा वाटतो.

डोस किती, यावर डॉक्टरांत खरा मतभेद आहे. नागपुरात लहान मुलांवर झालेल्या अभ्यासात वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम इतक्या कमी, ठरलेल्या डोसनेही क्रायसिस खूप कमी झाले. आपल्याकडच्या अनेक रुग्णांत एचबीएफ मुळातच जास्त असतं, त्याचा हा फायदा असू शकतो. दुसऱ्या बाजूला २०२० मध्ये युगांडातल्या १८७ मुलांपैकी निम्म्यांचा डोस रक्ताचे रिपोर्ट पाहून वाढवत नेला आणि निम्म्यांचा किलोला सुमारे २० मिलिग्रॅमवरच ठेवला. हिमोग्लोबिनचं ठरवलेलं उद्दिष्ट वाढत्या डोसच्या गटात ८६ टक्के मुलांनी गाठलं, ठरलेल्या डोसच्या गटात ३७ टक्क्यांनी. माझ्या मते जवळ सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नियमित होत नसेल तर कमी डोस हा समंजस मार्ग आहे. तपासणी होत असेल आणि मूल तरीही दुखण्याने तळमळत असेल, तर डोस वाढवता येईल का, हे डॉक्टरांना थेट विचारा.

आता भीतीबद्दल. ही गोळी रक्ताच्या एका कॅन्सरवर वापरतात हे खरं आहे, पण सिकलसेलच्या रुग्णांना वर्षानुवर्षं पाहूनही तिच्यामुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलेलं नाही. खरे तोटे वेगळे आहेत. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटू शकतात, म्हणून सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि मग दोन-तीन महिन्यांनी सीबीसी लागतं. पेशी फार घटल्या तर औषध काही दिवस थांबवतात. नखं काळपट होतात. मुलग्यांत वीर्यातल्या शुक्राणूंची संख्या कमी होऊ शकते. दिवस राहण्याचा विचार असेल तर औषध आधी थांबवायचं, हे वयात आलेल्या मुलीला आणि तिच्या आईला वेळेत सांगायला हवं. आणि गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. दोन महिन्यांत फरक नाही म्हणून गोळ्या बंद केलेली घरं पुष्कळ आहेत, त्याचं फार वाईट वाटतं.

रक्त: कधी जीव वाचवतं, कधी उगाच चढवतात

दुखायला लागलं की रक्त चढवून घ्यायचं, ही समजूत खोलवर रुजली आहे. नुसत्या दुखण्याच्या क्रायसिसवर रक्त हा उपचार नाही. हिमोग्लोबिन एकदम खाली गेलं, प्लीहा अचानक फुगली, छातीत न्यूमोनियासारखा त्रास उठला किंवा लकवा मारला, तर रक्त लागतंच, आणि तातडीने लागतं.

महिन्याच्या महिन्याला रक्त कुणाला द्यायचं, हे ठरवण्याचं साधन म्हणजे डोक्याचा डॉप्लर. ही एक सोनोग्राफीच आहे. कानशिलाच्या पातळ हाडावर प्रोब ठेवतात आणि मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत रक्त किती वेगाने वाहतं ते मोजतात. सुई नाही, किरण नाहीत. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरला तर पुढच्या काळात लकवा मारण्याचा धोका मोठा असतो. १९९८ साली अशा १३० मुलांवरच्या चाचणीत नियमित रक्त दिलेल्या गटात लकव्याचं प्रमाण ९२ टक्क्यांनी घटलं. सिकलसेलच्या सगळ्या संशोधनात इतका मोठा फरक क्वचितच दिसतो.

डॉप्लर दोन ते सोळा वर्षांच्या एसएस मुलांचा दरवर्षी करायचा. मूल जागं असावं, ताप नसावा, नुकतंच रक्त चढवलेलं नसावं, नाहीतर आकडा चुकतो. आणखी एक बारकावा रेडिओलॉजिस्टकडे बोलून घ्या: आपल्याकडच्या नेहमीच्या कलर डॉप्लर मशीनवर वेग थोडा कमी भरतो, म्हणून तिथे १८५ ही धोक्याची रेघ धरतात. रिपोर्टवर नुसतं नॉर्मल लिहिलं असेल तर आकडा मागून घ्या.

पण दर तीन-चार आठवड्यांनी रक्त म्हणजे शरीरात लोह साचणं. ते काढायला पुन्हा वेगळी गोळी. परक्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि पुढे जुळणारं रक्त मिळणं अवघड होतं. ब्लड बँक चाळीस किलोमीटरवर असेल तर हा उपचार घरालाही थकवतो. सुदैवाने इथेही गोळीची वाट आहे. २०१६ च्या एका चाचणीत, डॉप्लर वाढलेल्या ज्या मुलांनी किमान वर्षभर रक्त घेतलं होतं आणि ज्यांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या फारशा अरुंद नव्हत्या, त्यांना हळूहळू हायड्रॉक्सियुरियावर आणलं. डॉप्लरचा वेग रक्त घेणाऱ्यांइतकाच आटोक्यात राहिला. लकवा येऊन गेलेल्या मुलाला मात्र हा निकाल लागू होत नाही, त्याचं रक्त चालूच ठेवतात.

एमआरआय कधी? शाळेत मागे पडणाऱ्या एसएस मुलाला आळशी म्हणण्याआधी. बाहेरून काहीही न दिसता मेंदूत बारीक इजा झालेली असू शकते, आणि ती एमआरआयवरच कळते. अमेरिकन रक्तविकार संघटनेने २०२० मध्ये, मूल झोपेचं औषध न देता स्थिर राहू शकेल इतकं मोठं झालं की एकदा तरी एमआरआय करावा असं सुचवलं. खुब्यात महिनाभर दुखतंय आणि एक्स-रे स्वच्छ आहे, तरीही एमआरआय मागा. हाड सुकायला लागल्याचं तिथे आधी दिसतं.

नवी औषधं: बातम्या मोठ्या, पुढे काय झालं?

क्रिझानलिझुमॅब नावाचं महिन्याचं सलाइन आणि व्हॉक्सेलोटर नावाची गोळी, दोन्हींना अमेरिकेत २०१९ मध्ये परवानगी मिळाली. पहिल्याच्या मोठ्या चाचणीत पुढे खोट्या औषधापेक्षा फरक दिसला नाही, आणि २०२३ मध्ये युरोपने परवानगी काढून घेतली. व्हॉक्सेलोटर कंपनीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेतली, कारण चाचण्यांत क्रायसिस आणि मृत्यू यांचे आकडे काळजी करण्यासारखे निघाले. एल-ग्लुटामिनच्या पावडरीचा अभ्यास २३० रुग्णांवर झाला. ४८ आठवड्यांत खोटी पावडर घेणाऱ्यांना मध्यमानाने चार क्रायसिस आले, ही घेणाऱ्यांना तीन. उपयोग आहे, पण थोडा. त्यासाठी कर्ज काढू नका.

बोनमॅरो: भावंड जुळलं तर उशीर नको

आज आजार मुळापासून काढणारा, भरपूर अनुभव असलेला उपचार हाच. १९८६ ते २०१३ या काळात जुळणाऱ्या भावंडाचा मॅरो मिळालेल्या १००० रुग्णांचा हिशेब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी सोळापेक्षा लहान असलेल्यांपैकी ९५ टक्के जिवंत होते, त्याहून मोठ्यांपैकी ८१ टक्के. वय वाढेल तसा धोका वाढतो, हे यातून नीट कळतं.

भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. शिवाय ते भावंड स्वतः एसएस नको. आईबाप दोघेही वाहक असतील तर ती शक्यता चारात तीन. दोन्ही मिळून दर भावंडामागे शंभरात साधारण १९. पिवळं कार्ड असलेलं भावंड दाता म्हणून चालतं, हे अनेकांना माहीतच नसतं. अर्धं जुळणाऱ्या आईबापांचा मॅरो देण्याची पद्धतही सुधारते आहे, पण ती अनुभवी केंद्रातच करावी.

किंमत पैशांचीच नाही. मॅरो देण्याआधी केमोथेरपी द्यावी लागते, तिने पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटू शकतात. शंभरातल्या त्या पाच घरांसाठी निर्णय फार जड ठरतो. हायड्रॉक्सियुरियावर हसतखेळत शाळेत जाणाऱ्या मुलाचं ट्रान्सप्लांट करायचं का, यावर दोन चांगले डॉक्टर दोन उत्तरं देतील. लकवा येऊन गेला असेल, छातीचा त्रास पुन्हा पुन्हा उठत असेल किंवा गोळी नीट घेऊनही क्रायसिस थांबत नसतील, आणि भावंड जुळत असेल, तर मी थांबायला सांगणार नाही.

जीन थेरपी: आशा खरी, हाताशी नाही

कॅसजेव्ही या क्रिस्पर, म्हणजे जनुकात नेमकी काटछाट करणाऱ्या, उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने परवानगी दिली, बारा वर्षांपुढच्यांसाठी. रुग्णाच्याच मूळपेशी काढून त्यांतला एचबीएफ दाबून ठेवणारा खटका बंद करतात. रस्ता हायड्रॉक्सियुरियाचाच, फक्त कायमचा. पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ पैकी २९ रुग्णांना सलग बारा महिने मोठा क्रायसिस आला नाही. निकाल थक्क करणारा आहे. पण रुग्ण तीसेक, केमोथेरपी इथेही लागते, आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. लिफजेनिया हा दुसरा उपचार ३१ लाख डॉलरचा, आणि परवानगी देतानाच त्यावर रक्ताच्या कॅन्सरचा ठळक इशारा दिला होता. भारतात दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने बिरसा १०१ हा स्वदेशी क्रिस्पर उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला, तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं आहे. त्याकडे मी डोळे लावून आहे. तोवर मुलाचे मेंदू, प्लीहा, मूत्रपिंड शाबूत ठेवायचे आहेत.

आणि आज रात्री दुखलं तर?

घरी भरपूर पाणी, ऊब आणि पॅरासिटामॉल. आयब्रुफेन थोडे दिवस, मूत्रपिंड ठीक असतील तरच. बर्फ लावू नका. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, श्वासाला त्रास, डाव्या बरगडीखाली अचानक फुगवटा, तोंड वाकडं होणं किंवा हातातलं बळ जाणं, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका.

दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात वेदनाशामक मिळावं आणि दर अर्ध्या ते एक तासाने पुन्हा विचारपूस व्हावी, असं अमेरिकन रक्तविकार संघटनेची २०२० ची मार्गदर्शक सूचना सांगते. दुखणं मोठं असेल तर मॉर्फीन हे योग्य औषध आहे. २०१४ मध्ये आपल्याकडचा अमली पदार्थांचा कायदा बदलल्यापासून दवाखान्यांना ते ठेवणं सोपं झालं आहे. पेथिडीन टाळावं, त्याचा अंश साचून झटके येऊ शकतात. मॉर्फीनने भागत नसेल तर अगदी कमी डोसमध्ये केटामिन देता येतं. मुलगा व्यसनी होईल या धाकाने त्याला रात्रभर कण्हत ठेवणं चुकीचं आहे, आणि हे तुम्ही ड्युटीवरच्या डॉक्टरांना ठामपणे म्हणू शकता. लाल कार्ड, चालू डोस, मागचं सीबीसी आणि डॉप्लरचा आकडा एका पिशवीत तयार ठेवा, म्हणजे ओळखीचे डॉक्टर नसतील त्या रात्रीही उपचार लवकर सुरू होईल.