जलदुर्गांच्या वाटेवर कॅम्परव्हॅन : दिवाळी ते मे वापरल्यानंतर

टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली ही राहण्या-झोपण्याची गाडी दिवाळीनंतर हातात आली आणि मे संपेपर्यंत अलिबाग ते मालवण अशी भरपूर फिरवली. घेतली ती किनाऱ्यावरचे किल्ले नीट पाहता यावेत म्हणून, आणि त्या कामाला ती फारच उपयोगी पडली. हे किल्ले समुद्राच्या वेळेने पाहावे लागतात, हॉटेलच्या नव्हे.

अलिबागचा कुलाबाच घ्या. सुकतीला पुळणीवरून चालत जाता येतं, भरतीला नाही. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या आसपास तळ सुकती. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. आम्ही जवळच्या घरगुती मुक्कामाच्या अंगणात गाडी लावायचो, चहा-पोहे गाडीतच, आणि पाणी ओसरू लागलं की निघायचो. घाई नसल्यामुळे तटाचे दगड निवांत पाहता आले. चुना न घालता नुसते एकावर एक रचलेले प्रचंड चिरे! फटींत पाणी शिरतं आणि लाटेचा जोर तिथेच मोडतो. आत गणपतीचं देऊळ आणि गोड्या पाण्याची पुष्करणी आहे.

गाडीचा खरा कस लागतो फेरीबोटीवर. आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या फेऱ्यांनी मोठमोठे वळसे वाचतात. पण सुकतीला धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि मागे लांब बाहेर आलेली बॉडी घासते. गाडी बांधून घेताना मागचा भाग आखूडच ठेवायला सांगा. पाण्याची टाकी थोडी लहान झाली तरी चालेल.

विजयदुर्गला दोन दिवस द्या. १७५६ साली आंग्र्यांचं आरमार इथेच जळालं. बहुतेक लोक तट पाहून परततात, पण जवळच गिर्ये इथे खडक कोरून केलेली आंग्र्यांची गोदी आहे, ती चुकवू नका. इथली गलबतं कुठे दुरुस्त होत असतील हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता तक्रारी. खाऱ्या हवेने बिजागऱ्या आणि छतावरच्या सोलर पॅनेलचे बोल्ट महिन्याभरात गंजले. स्टेनलेस स्टीलचेच घ्या, आणि आठवड्यातून एकदा गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवा. एप्रिलनंतर रात्री पंखा पुरत नाही. एसी बॅटरीवर फार चालत नाही, त्यामुळे विजेची सोय असलेलं अंगण शोधावं लागतं. शौचालयाची टाकी पुळणीवर किंवा खाडीत कधीही रिकामी करू नका. मुक्कामाच्या घरी विचारलं तर लोक संडास वापरू देतात. पावसाळ्यात जंजिरा आणि सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात, तेव्हा जून ते ऑगस्ट गाडी घाटावर ठेवलेली बरी.