एक फिन की दोन: जुने आणि नवे सर्फबोर्ड शेजारी ठेवून

फिन म्हणजे बोर्डाच्या पोटाला शेपटीजवळ लावलेलं पातं. तीन फिनांच्या बोर्डाचा, म्हणजे थ्रस्टरचा, मधला फिन काढला की दोन फिनांचा ट्विन-फिन तयार, असा समज सर्रास आढळतो. असा बोर्ड पहिल्याच जोरकस वळणाला शेपटीतून निसटतो आणि नाव खराब होतं ट्विनचं. कारण साधं आहे. थ्रस्टरचे पुढचे दोन फिन मागच्या तिसऱ्याच्या भरवशावर पुढे सरकवून बसवलेले असतात आणि उंचीलाही बेताचे, साडेचार इंचांच्या आसपास असतात. खऱ्या ट्विनचे फिन त्यांच्यापेक्षा मागे असतात आणि उभट घडणीचे असतील तर पाच ते साडेपाच इंच उंच असतात. जुने-नवे बोर्ड तोलताना म्हणूनच फिन किती आहेत हे नंतर बघावं. ते कुठे बसलेत आणि त्यांच्याभोवतीची शेपटी किती रुंद आहे, हे आधी.

सिंगलपासून, म्हणजे एकाच फिनच्या बोर्डापासून, सुरुवात करू. अमेरिकन सर्फर टॉम ब्लेकने १९३५ साली हवाईतल्या वायकीकीला एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीचा कील काढून बोर्डाच्या पोटाला लावला. तोवर बोर्ड वळवायचा म्हणजे मागचा पाय पाण्यात घालून ओढायचा, आणि लाट उभी झाली की शेपटी आडवी जायचीच. फिनला सुकाणू म्हणतात ते मात्र बरोबर नाही. सुकाणू वळतं, फिन वळत नाही. तो शेपटीला आडवं जाऊ देत नाही आणि वळताना टेकू देतो, एवढंच त्याचं काम.

आज जुना सिंगल म्हणून हाती येतो तो बहुधा १९६८ नंतरच्या दशकातला. साडेसहा ते साडेसात फूट लांब, १९-२० इंच रुंद, पावणेतीन-तीन इंच जाड. सर्वांत रुंद भाग मध्यापेक्षा दोन-तीन इंच नाकाच्या बाजूला आणि शेपटी निमुळती. ही निमुळती शेपटी दिखाव्यासाठी नाही. बोर्ड कडेवर कलला की मध्यरेषेवरचा एकुलता फिन पाण्यातून वर उचलला जातो. शेपटी जितकी रुंद, तितका तो लवकर सुटतो. शेपटी अरुंद असली की मध्यरेषा आणि कड यांतलं अंतर कमी राहतं आणि फिन शेवटपर्यंत पाण्यात टिकतो. हवाईच्या जेरी लोपेझने लाइटनिंग बोल्ट कंपनीचे असे निमुळते बोर्ड तिथल्याच पाइपलाइन या ठिकाणच्या पोकळ लाटांत ज्या शांतपणे चालवले, त्यामागे धैर्याइतकाच या भूमितीचाही हात होता.

सिंगलवर वेग पायाने रेटून मिळत नाही. फिनच्या दोन्ही बाजू सारख्याच फुगीर असतात आणि तो सरळ नाकाकडे तोंड करून असतो, म्हणून वरखाली हिसके दिले तरी बोर्ड पुढे ढकलला जात नाही. वेग येतो तो लाटेच्या भिंतीवर योग्य उंचीची रेषा धरल्याने. थ्रस्टरवरून आलेला माणूस इथेच वैतागतो. त्याने हिसके थांबवावेत, लाटेच्या तळाशी एकच लांब वळण घ्यावं, गुडघे वाकलेले ठेवावेत आणि कड पाण्यात रुतवून थांबावं. वजन मागच्या पायावर फार वेळ ठेवलं की बोर्ड ब्रेक लावल्यासारखा बसतो.

नवा सिंगल याच आकाराचा दिसतो, पण आतून वेगळा आहे. पोट हलकं खोलगट, शेवटच्या फूट-दीड फुटात कडेला धार, रुंद भाग मध्याच्या जवळ आणि वजन बरंच कमी. यातले पहिले तीन बदल फायद्याचेच आहेत. जुन्या बोर्डाचं फुगीर पोट पाण्याला चिकटतं, नवा लवकर सुटतो आणि लवकर वळतो. वजनाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: सिंगलला थोडा भार हवाच. वाऱ्याने खडबडीत झालेल्या पाण्यात हलका सिंगल थरथरतो, आणि लाट सपाट झाली की त्याची चाल तिथेच मरते. जड बोर्ड तोच सपाट पट्टा ओलांडून पुढच्या उतारावर पोहोचतो. नवा सिंगल बनवून घेणार असाल तर डेकवर, म्हणजे पाय ठेवायच्या वरच्या बाजूवर, सहा औंसाच्या फायबरग्लास कापडाचे दोन थर आणि पोटाला एक सांगा. चार औंसाचं नेहमीचं कापड थ्रस्टरसाठी ठीक आहे.

सिंगलची दुसरी खुबी म्हणजे साडेदहा इंची लांब खाच, जिला सगळे यूएस बॉक्स म्हणतात. मधल्या रुंद तोंडातून आधी धातूची छोटी पट्टी आत सोडून पुढे सरकवायची. मग फिनच्या मागच्या बाजूची आडवी पिन त्याच तोंडातून घालून फिन मागे न्यायचा, पुढचं भोक पट्टीवर आणायचं आणि स्क्रू आवळायचा. स्क्रू स्टेनलेसचाच घ्या, साधा एका मोसमात गंजून बॉक्समध्ये अडकतो. फिनच्या उंचीचा ढोबळ हिशोब असा: बोर्ड जितके फूट, फिन साधारण तितके इंच. सात फुटी बोर्डाला सात इंच. सुरुवात खाचेच्या मधोमध. पुढे सरकवला तर बोर्ड मोकळा वळतो, मागे नेला तर सरळ धरून चालतो. एका वेळी अर्धाच इंच हलवा आणि दोन-तीन सत्रं त्याच जागी चालवा, नाहीतर फरक लाटेचा की फिनचा ते कळणार नाही. घडणीबद्दल सांगायचं तर फिन घडवणाऱ्या जॉर्ज ग्रीनोच्या ४-ए फिनला तोड नाही. बूड रुंद आणि टोक निमुळतं, लवचिक, ट्यूना माशाच्या शेपटीच्या धाटणीचं. वळणात टोक वाकतं आणि सुटताना परत ढकलतं. जुन्या बोर्डाला तो लावला की बोर्ड दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखा चालतो.

ट्विनकडे वळू. इथे दोन वेगळी कुळं आहेत आणि विकणारे ती नेहमी मिसळतात. पहिलं कुळ फिशचं. १९६७ साली सॅन दिएगोच्या पॉइंट लोमा भागात स्टीव्ह लिसने ते गुडघ्यांवर बसून चालवायचा बोर्ड म्हणून घडवलं. आखूड, रुंद, सपाट, खोल दुभंगलेली शेपटी आणि कडेजवळ दोन लांबट, बुटके कील फिन. कीलचं बूड आठ इंच किंवा त्याहून लांब आणि फिन जवळजवळ उभे असतात. दुसरं कुळ ऑस्ट्रेलियन सर्फर मार्क रिचर्ड्सचं. १९७६ साली हवाईच्या रेनो अबेलिराने ऑस्ट्रेलियात आणलेला जेमतेम सव्वापाच फुटी ट्विन पाहून न्यूकॅसलच्या रिचर्ड्सने पुढच्या वर्षी स्वतःचा ट्विन घडवला. लांबी वाढवली, नाक टोकदार केलं, शेपटीजवळ कडेला पंखासारखा खाचा दिला आणि कीलऐवजी उभट फिन लावले. १९७९ ते १९८२ अशी सलग चार जागतिक विजेतेपदं त्याने त्यावर घेतली, आणि मोठ्या लाटांत तोही सिंगलच काढत असे. १९८१ साली सायमन अँडरसनने ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचच्या प्रचंड लाटांत तीन फिनांचा थ्रस्टर चालवून स्पर्धा जिंकली आणि ट्विनचं राज्य उतरणीला लागलं.

ट्विन पळतो का, हे फिनांच्या मांडणीत दिसतं. दोन्ही फिनांची तोंडं किंचित आत, नाकाकडे वळलेली असतात, पाव इंचाच्या आसपास. आतली बाजू सपाट, बाहेरची फुगीर. प्रत्येक फिन कडेजवळ असल्याने वळणात आतल्या बाजूचा फिन खोल रुततो आणि पाणी मागे फेकून बोर्ड पुढे ढकलतो. मध्यरेषेवर काहीच नसल्याने ओढही कमी. त्यात शेपटी रुंद, म्हणजे दुबळ्या लाटेतही बोर्ड पाण्यावर उचलला जातो. उणीवही याच मांडणीतून येते. बोर्ड सपाट असताना शेपटीला मध्ये धरणारं काही नसतं. उभ्या लाटेच्या माथ्यावर मागचा पाय जोरात दाबला की शेपटी फिरून जाते.

कील आणि उभट फिन यांत घोळ घालू नका. कील लांब, सरळ रेषेत सुसाट नेतो, पण त्याचं वळण मोठं, कमानीसारखं. उभट फिन एका जागी गर्रकन वळवतात. फिश बोर्डाला उभट फिन लावले तर तो ताब्यातून सुटल्यासारखा होतो, आणि रिचर्ड्स घडणीच्या बोर्डाला कील लावले तर तो अडून बसतो. शेपटी घसरते अशी तक्रार असेल तर मागे एक स्टॅबिलायझर, म्हणजे छोटासा तिसरा फिन, लावून बघा. एफसीएस कंपनीच्या मार्क रिचर्ड्स संचात तो दोन फिनांसोबतच मिळतो. ट्विनचा स्वभाव फारसा न बदलता बरीचशी घसरण थांबते.

जुना ट्विन आणि नवा ट्विन यांच्यात निवड करायची तर मी न घुटमळता नव्याच्या बाजूने आहे. १९८० च्या आसपासचे कितीतरी ट्विन कडेला जाड, पोटाला सपाट आणि फिन कायमचे चिकटवलेले. चुकीच्या जागी चिकटवलेला फिन सरकवता येत नाही. नव्या ट्विनमध्ये फिनांच्या मधून पोटाला इंग्रजी व्हीसारखा हलका आकार असतो, तो एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला मदत करतो. कड पातळ, नाकाला थोडी जास्त उचल, आणि फिन बदलता येतात. गोलसर निमुळत्या शेपटीचे लांब ट्विनही आता बनतात. सर्फर टॉरेन मार्टिन सायमन जोन्सने घडवलेले असे बोर्ड घेऊन ज्या लाटांत उतरतो, तिथे रिचर्ड्सच्या काळात ट्विन कुणी काढला नसता. सिंगलमध्ये जुन्याला मान आहे, ट्विनमध्ये तो संग्राहकाच्या भिंतीपुरता.

जुन्या बोर्डावर लिटर, म्हणजे बोर्डाचं आकारमान, लिहिलेले नसतात, म्हणून लोक फसतात. लांबी, रुंदी, जाडी इंचांत घ्या, गुणा, ०.५५ ने गुणा, ६१ ने भागा. सात फुटी (८४ इंच), २० रुंद, ३ जाड सिंगल साधारण ४५ लिटरचा निघतो. पाच फूट आठ इंची, पावणेएकवीस रुंद, अडीच जाड नवा ट्विन ३२ च्या आसपास. जुना बोर्ड वल्हवायला सोपा का वाटतो, त्याचं बरंचसं उत्तर या तेरा लिटरांत आहे.

सिडनीत, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मंडळींना गॅरेजमधले असे बोर्ड स्वस्तात दिसतात. घेण्याआधी बोटाच्या पेरांनी सगळा डेक ठोका. टणक आवाज हवा. भद्द आवाज आला की तिथे कापड फोमपासून सुटलंय, आणि मागचा पाय जिथे पडतो तिथे सुटलं असेल तर बोर्ड सोडून द्या. फिनच्या बुडाभोवती केसासारखी भेग असेल तर तिथे टिश्यू पेपर दाबून बोर्ड उन्हात तासभर उभा ठेवा. कागद ओला झाला म्हणजे आत पाणी आहे. फिनच्या बुडाला आरपार भोक दिसलं तर घाबरू नका, १९७० च्या दशकात लीशची, म्हणजे बोर्ड पायाला जोडणारी, दोरी तिथेच बांधत. पिवळेपणा उन्हाचा असतो आणि त्याने चाल बिघडत नाही. तपकिरी डाग मात्र पाण्याचे.

दुरुस्तीत सर्वांत महाग चूक रेझिनची. पॉलीयुरेथेन फोमच्या जुन्या बोर्डाला पॉलिस्टर रेझिन चालतं, इपॉक्सीही चालतं. पण नव्या ईपीएस (थर्माकोलसारख्या) फोमवर पॉलिस्टर टाकलं तर त्यातलं स्टायरीन फोम विरघळवतं आणि छोट्या भेगेचा खड्डा होतो. बोर्ड कशाचा आहे हे कळत नसेल तर इपॉक्सीच वापरा. बोर्ड पूर्ण सुकवा, ८० नंबरच्या कागदाने भेगेभोवती दोन इंच घासा, चार औंसाचे दोन तुकडे लावा, वरचा अर्ध्या इंचाने मोठा. पॉलिस्टरमध्ये हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं द्रव्य, एक ते दोन टक्के. जास्त टाकलं तर ते तापतं आणि तडकतं. वरच्या थराच्या रेझिनमध्ये मेण मिसळलेलं नसेल तर ते चिकटच राहतं आणि घासताना कागद भरतो.

आपल्या किनाऱ्यापुरतं सांगायचं तर गोव्यात हिवाळ्यात आश्वे-मोरजीला लाट छोटी, मऊ आणि लवकर फुटणारी असते. तिथे सात फुटी जुना सिंगल वाया जातो, कारण लांब रेषा धरायला भिंतच उरत नाही. रुंद शेपटीचा नवा फिश, २१ इंच रुंद आणि नेहमीच्या बोर्डापेक्षा तीन-चार लिटर जास्त, तिथे सर्वांत जास्त लाटा पकडून देतो. सिंगल काढावा तो लाट एका बाजूने लांबवर क्रमाक्रमाने फुटत जाते अशा ठिकाणी. कॅलिफोर्नियातलं मॅलिबू, क्वीन्सलँडमधलं नूसा, आपल्याकडे चेन्नईजवळचं कोवलम. ऊन दोन्हींचा शत्रू आहे. बंद गाडीत दुपारभर ठेवलेला बोर्ड, जुना असो वा नवा, डेकवर फुगतो आणि ते कापड पुन्हा बसत नाही. किनाऱ्यावरही मेण लावलेली बाजू खाली, सावलीत.